सोसायटीचा तरणतलाव, आरोग्य परवाना आणि पंपरूममधली नोंदवही

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलाच्या सचिवांनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे सव्वादोनशे सदनिका आहेत. पोडियमवर वीस बाय दहा मीटरचा तरणतलाव, लहान मुलांसाठी उथळ कुंड आणि सहा जणांची जकुझी बिल्डरने बांधून दिलेली आहे. एप्रिलपासून बाहेरचा प्रशिक्षक तेथे शुल्क घेऊन वर्ग चालवणार आहे. अशा वेळी महापालिकेचा आरोग्य परवाना लागतो का, तपासणीत नेमके काय पाहतात, आणि पाणी स्वच्छ निळे दिसत असताना प्रयोगशाळेवर खर्च करण्याची खरोखर गरज आहे का, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे. आरोग्य निरीक्षक म्हणून आणि त्यानंतर सल्लागार म्हणून मी बरीच वर्षे हेच काम केले असल्याने जरा विस्ताराने लिहितो.

कायद्याची बाजू आधी थोडक्यात सांगतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतो आणि त्यातील कलम ३८६ नुसार परवान्याला अटी घालण्याचे, तो निलंबित करण्याचे किंवा काढून घेण्याचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि वेगळा आहे. त्यामुळे मुलुंडच्या एखाद्या सोसायटीने भरलेला अर्ज आणून त्यावर फक्त आपले नाव घालणे ही चूक करू नये. चेकनाक्याच्या अलीकडे, म्हणजे ठाण्याच्या हद्दीत, ती मी पुष्कळदा पाहिली आहे. तलाव केवळ रहिवासी वापरतात तोवर तो खासगी आहे, असे म्हणता येते. परंतु शुल्क देऊन बाहेरची मुले पाण्यात उतरू लागली की ते म्हणणे टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वीच माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या कार्यालयात, आरोग्य विभागाच्या नावे, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत जोडून लेखी अर्ज द्यावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. नवी मुंबईत असता तर हाच अर्ज विभाग कार्यालयात द्यावा लागला असता. ‘साहेबांनी तोंडी हो म्हटले आहे’ या वाक्याला अपघातानंतर काहीही किंमत उरत नाही.

आता तपासणीविषयी. मी तपासणीला गेलो की पाण्याकडे सर्वांत शेवटी पाहत असे. आधी पंपरूम, मग रसायनांची खोली, मग नोंदवही, आणि मग तलाव. याचे कारण असे की, तलाव दाखवण्यासाठी आदल्या रात्री सजवता येतो. पंपरूम सजवता येत नाही. सँड फिल्टरवरचा प्रेशर गेज काटा मोडून पडलेला असेल, बॅकवॉशची, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुतल्याची, तारीख कोणालाच सांगता येत नसेल, दोनपैकी एक पंप ‘वाइंडिंगला गेलेला’ असेल, तर वरचे पाणी कितीही निळे असले तरी त्या तलावाची प्रकृती ठीक नाही, हे पाच मिनिटांत समजते.

तुमच्या तलावाचा हिशेब करून पाहू. सरासरी खोली १.२ मीटर धरली तर २४० घनमीटर, म्हणजे दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी होते. सार्वजनिक वापराच्या तलावातील एवढे पाणी चार ते सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरून यावे, असा सर्वमान्य संकेत आहे. सहा तास धरले तरी पंपाने ताशी ४० घनमीटर पाणी फिरवले पाहिजे. वीजबिल वाचवण्यासाठी बहुतेक सोसायट्या पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास चालवतात. म्हणजे दिवसभरात तलावाचे पाणी एकदाही पूर्ण फिरत नाही, आणि वर्ग सुरू झाल्यावर दुपारच्या उन्हात नेमकी मुले पाण्यात असताना फिल्टर बंद असतो. तलाव वापरात असेल तेव्हा फिल्टर चालू असलाच पाहिजे, यावर मी कधीही तडजोड करत नाही. मुलांच्या उथळ कुंडात तर पाणी कमी आणि घाण जास्त, त्यामुळे तेथे फेरा एका तासाच्या आत पूर्ण झाला पाहिजे आणि शक्य असेल तर त्याचा फिल्टर स्वतंत्र असावा.

पाणी स्वच्छ दिसण्याला महत्त्व नाही असे मुळीच नाही. पण ते महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. सर्वांत खोल भागातील मेन ड्रेनची, म्हणजे तळाशी पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाची, जाळी काठावर उभे राहून स्पष्ट दिसली नाही, तर तळाशी पडलेले मूलही जीवरक्षकाला दिसणार नाही, आणि म्हणून त्या क्षणी सर्वांना बाहेर काढून तलाव बंद केला पाहिजे. मात्र रोगजंतूंच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम या अतिसार घडवणाऱ्या परजीवीचे बीजकोष चार ते सहा मायक्रॉनचे असतात. तुरटी किंवा पीएसीसारखे, कण एकत्र बांधणारे द्रव्य आधी मिसळले नाही तर सँड फिल्टरमधून ते आरामात निसटतात, आणि पाणी तरीही काचेसारखे दिसते.

जंतू मारण्याचे काम क्लोरीन करतो, पण किती क्लोरीन आहे एवढेच पाहून भागत नाही, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणाचे माप) किती आहे हे त्याच्या जोडीनेच पाहावे लागते. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतो. त्यातले हायपोक्लोरस आम्ल हे जंतूंवर झडप घालणारे रूप आणि दुसरे, हायपोक्लोराइट, फार मंद. पीएच ७.२ असताना सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन पहिल्या रूपात असतो, ७.५ ला जवळपास निम्मा, ८ ला जेमतेम पाव आणि ८.५ ला सुमारे एक दशांश. म्हणजे टेस्ट किटमध्ये दोन पीपीएम (लिटरमागे दोन मिलिग्रॅम) दिसत असूनही पीएच साडेआठवर गेला असेल तर कामाचा क्लोरीन फारच थोडा उरलेला असतो. आपल्याकडे ठेकेदार लिक्विड क्लोरीन, म्हणजे हायपो, ओततात आणि त्याने पीएच चढतो. त्यात उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरवेलचे कठीण पाणी भरले गेले तर तो आणखी वर सरकतो. म्हणून मुक्त क्लोरीन एक ते तीन पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३३२८ हे तरणतलावाच्या पाण्याविषयीचे मानक आहे; ठेकेदाराच्या करारात त्याचा उल्लेख आवर्जून घालावा.

क्लोरीन मोजायचा कसा, याकडेही फार थोडे लोक लक्ष देतात. पिवळा रंग दाखवणारे जुने ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवते. मुक्त किती आणि घाम-लघवीशी बांधला गेलेला किती, हे त्यातून वेगळे कळत नाही. डीपीडीच्या गोळ्यांचे किट घ्या. पहिल्या क्रमांकाच्या गोळीने पाणी गुलाबी होते ते मुक्त क्लोरीनमुळे. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकल्यावर रंग जेवढा गडद होतो, तेवढा बांधलेला क्लोरीन. दोन वेळच्या आकड्यांतील हा फरक ०.४ पीपीएमच्या वर गेला की पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे हाच बांधलेला क्लोरीन, साचले आहे असे समजावे. डोळे चुरचुरवणारा जो वास येतो त्याला लोक ‘क्लोरीन जास्त झाला’ म्हणतात, तो वास बहुधा याच क्लोरामाइनचा असतो, आणि त्यावर उपाय क्लोरीन कमी करणे हा नसून तलाव बंद ठेवून, बांधलेल्या क्लोरीनच्या सुमारे दहापट मात्रा एकदम देणे हा आहे. तुमच्या तलावात हा फरक ०.६ असेल तर सहा पीपीएम, म्हणजे १,४४० ग्रॅम क्लोरीन, अर्थात दहा टक्क्यांचे हायपो सुमारे साडेचौदा लिटर. हायपो उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये आठवड्यांत कमजोर होते, त्यामुळे कॅनवर खरेदीची तारीख मार्करने लिहून ठेवावी.

एक फसगत येथेच सांगितली पाहिजे. एका तलावावर मी डीपीडीची गोळी टाकली, क्षणभर गुलाबी झाक आली आणि लगेच नाहीशी झाली. ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, क्लोरीन शून्य आहे, सकाळपासून टाकतोच आहे.’ प्रत्यक्षात क्लोरीन इतका जास्त होता की त्याने गोळीचा रंगच जाळून टाकला होता, आणि शून्य समजून तो बिचारा आणखी ओतत होता. अशी शंका आली तर एक भाग नमुना नऊ भाग बाटलीबंद पाण्यात मिसळून पुन्हा मोजावा आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणावे.

नोंदवहीविषयी मात्र मला मनापासून लिहायचे आहे, कारण परवाना, शुल्क, प्रमाणपत्रे हे सर्व त्या एका वहीच्या भरवशावर उभे असते. काही वर्षांपूर्वी एका क्लबच्या तलावावर सकाळी साडेनऊ वाजता गेलो होतो. वहीत महिनाभर पीएच ७.४ आणि क्लोरीन १.५, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, एकाच शाईत, एकाच तिरक्या अक्षरात. मी त्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवले. संध्याकाळी सहाची नोंद आधीच भरलेली होती. ऑपरेटर विशी-बाविशीचा मुलगा होता. त्याने मान खाली घालून सांगितले की किटमधल्या गोळ्या दिवाळीपूर्वीच संपल्या आहेत, दोनदा मागितल्या, तर वरून उत्तर आले की पाणी निळे आहे ना, मग कशाला हव्यात. तोपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता. त्या दिवशी मी जो शेरा लिहिला तो त्या मुलाविरुद्ध नव्हता, व्यवस्थापनाविरुद्ध होता, आणि आजही तसाच लिहीन. खरा तलाव सतत बदलतो. रविवारी गर्दीनंतर क्लोरीन ०.३ वर येतो, पहिल्या मुसळधार पावसानंतर क्षारता घसरते, बॅकवॉशनंतर नवे पाणी भरले की पीएच हलतो. ज्या वहीत एकही वाईट आकडा नाही ती वही खोटी आहे, असे मी धरून चालतो. तुमच्या कमिटीने ऑपरेटरला पहिल्याच दिवशी सांगावे की वाईट आकडा लिहिल्याबद्दल कोणी बोलणार नाही, न लिहिल्याबद्दल मात्र विचारणा होईल. आणि आकड्याच्या पुढे काय केले, किती वाजता केले, पुन्हा मोजल्यावर काय आले, यासाठी रकाना ठेवावा. तलाव उघडण्यापूर्वी एकदा आणि वापर चालू असताना दर दोन-तीन तासांनी मोजणी हवी.

आता टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीन सोडणाऱ्या ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या, मोठ्या पांढऱ्या गोळ्यांविषयी, कारण तुमचा ठेकेदार बहुधा त्याच वापरत असेल. त्या सोयीच्या आहेत, पण प्रत्येक एक पीपीएम क्लोरीनमागे त्या पाण्यात सुमारे ०.६ पीपीएम सायन्युरिक आम्ल सोडतात. रोज दोन पीपीएमची मात्रा दिली तर महिन्याला छत्तीसच्या आसपास, आणि पाणी बदललेच नाही तर सहा महिन्यांत दोनशेच्या वर. हे आम्ल थोडे असेल तर उन्हापासून क्लोरीन वाचवते, आणि पोडियमवरच्या उघड्या तलावात तीस ते पन्नास पीपीएमपर्यंत त्याचा उपयोगच होतो. परंतु फार साचले की क्लोरीनला धरून ठेवते आणि जंतू मारण्याचा वेग मंदावतो. ते उडून जात नाही आणि नेहमीच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. पाणी काढून नवे भरणे हाच उपाय. एप्रिलमध्ये पाणीकपात सुरू असताना हे करता येत नाही, म्हणून सायन्युरिक आम्लाची चाचणी आजच करून घ्या आणि गरज असेल तर पाणी आताच बदला.

लहान मुलांचे वर्ग म्हटले की पाण्यात शौच होण्याचा प्रसंग कधी ना कधी येणारच. घट्ट शौच असेल तर सर्वांना बाहेर काढून, ते जाळीने उचलून, पीएच साडेसातच्या आत आणि मुक्त क्लोरीन दोन पीपीएम ठेवून अर्धा तास थांबल्यावर तलाव उघडता येतो. जुलाब झाला असेल तर प्रकरण वेगळे आहे. ई. कोलाय हा जिवाणू एक पीपीएम क्लोरीनमध्ये एका मिनिटाच्या आत मरतो, जिआर्डिया हा परजीवी सुमारे पाऊण तास घेतो, पण क्रिप्टोस्पोरिडियम दहा दिवसांहून अधिक तग धरतो. त्यासाठी वीस पीपीएम क्लोरीन सुमारे पावणेतेरा तास टिकवावा लागतो, तोही पाण्यात सायन्युरिक आम्ल नसताना. ते असेल तर याहून जास्त मात्रा किंवा जास्त वेळ लागतो. म्हणून पालकांकडून फॉर्म भरून घेताना जुलाब झालेल्या मुलाने बरे झाल्यानंतरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये, ही अट त्यात असलीच पाहिजे. केरळमध्ये २०२४ साली अमिबाजन्य मेंदूज्वराने मुले दगावल्यापासून पालक मला त्याविषयीही विचारतात. तो अमिबा नाकावाटे शिरतो, गोड्या कोमट पाण्यात वाढतो, आणि क्लोरीन व्यवस्थित राखलेल्या तलावात त्याला थारा मिळत नाही. क्लोरीन नसलेल्या तलावात मात्र ही हमी देता येत नाही.

जकुझीकडे तुम्ही तलावाचा एक कोपरा म्हणून पाहत असाल, तर तो समज आधी सोडून द्या. तलावात चाळीस जण असले तर माणशी सहा हजार लिटर पाणी असते. दीड हजार लिटरच्या टबात सहा जण बसले की माणशी अडीचशे. पाणी गरम असल्याने क्लोरीन झपाट्याने उडतो, घाम जास्त येतो, आणि हवेच्या बुडबुड्यांमुळे पाण्याचा सूक्ष्म तुषार थेट फुप्फुसात जातो. लीजनेला हा जिवाणू २५ ते ४५ अंशांच्या कोमट पाण्यात वाढतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील एका फुलांच्या प्रदर्शनात केवळ दाखवण्यासाठी चालू ठेवलेल्या अशा टबाच्या तुषारामुळे लोकांना लीजनेलाचा न्यूमोनिया झाला आणि अनेकांचा जीव गेला. त्यांना टबात उतरण्याचीही गरज पडली नव्हती, जवळून चालत जाणे पुरेसे झाले. त्यामुळे जकुझीत मुक्त क्लोरीन किमान तीन पीपीएम हवा, तापमान ४० अंशांच्या वर नको, पाण्याचा फेरा अर्ध्या तासाचा हवा आणि टीसीसीएच्या गोळ्या तेथे अजिबात वापरू नयेत. रोज तीस जण बसत असतील तर दीड हजार लिटरचे पाणी साधारण चार दिवसांनी पूर्ण काढून टाकून टब घासून भरावा. दोन आठवडे बंद राहिलेली जकुझी पाहुणे आले म्हणून तशीच चालू करण्यासारखे धोक्याचे दुसरे काही नाही, कारण पाइपांच्या आत चिकट थर धरलेला असतो आणि पहिल्या बुडबुड्यांबरोबर तोच बाहेर येतो. जोराच्या मात्रेने पाइप धुतल्याशिवाय ती चालू करू देऊ नका. तुमच्याकडे पूर्णवेळ ऑपरेटर नसेल तर माझा सल्ला असा की जकुझी रिकामी करून कोरडी ठेवावी.

रसायनांच्या खोलीत आम्ल आणि हायपो एका भिंतीच्या दोन बाजूंना असावेत, एका फळीवर नव्हे. त्यांचा संपर्क आला की क्लोरीन वायू सुटतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट यांची मापे, डबे, पळ्या वेगळ्या ठेवाव्यात, कारण ते एकत्र आल्यास आग लागू शकते. रसायने सोडणारा डोसिंग पंप मुख्य पंपाशी विजेने जोडलेला असावा, म्हणजे मुख्य पंप बंद पडला की डोसिंगही थांबेल. नाहीतर पाइपमध्ये साचलेली रसायने पंप पुन्हा सुरू होताच मुलांच्या अंगावर वायूसह येतात. मेन ड्रेन एकच असेल तर दुसरा बसवून घ्या, आणि जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर ती बदलेपर्यंत तलाव बंद ठेवा. ड्रेनच्या खेचाने मूल तळाला धरले गेले तर मोठ्या माणसालाही ते ओढून काढता येत नाही. तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून नोंद करावी. प्रशिक्षक हा जीवरक्षक नव्हे, कारण शिकवताना त्याचे लक्ष आठ मुलांवर असते, संपूर्ण तलावावर नसते. पावसाळ्यात तलाव बंद ठेवणार असाल तरी पाणी फिरते ठेवा किंवा तलाव रिकामा करा, नाहीतर मलेरिया विभागाचे पथक डासांच्या अळ्यांसाठी नोटीस देईल आणि ती रास्तच असेल.

राहिला प्रयोगशाळेचा खर्च. तो आवश्यक आहे, कारण टेस्ट किट रसायन दाखवते, जंतू दाखवत नाही. महिन्यातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आणि स्यूडोमोनास हे जिवाणू नाहीत ना, आणि एकूण जिवाणूंची संख्या किती, हे तपासून घ्यावे. जकुझीसाठी लीजनेलाची चाचणी वेगळी सांगावी लागते. बाटली प्रयोगशाळेचीच वापरावी, कारण तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असते. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत भरून नेलेल्या नमुन्यात क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. थायोसल्फेट असते म्हणून ती बाटली आतून धुवू नये. नमुना पाणी येण्याच्या तोंडाजवळून न घेता उथळ बाजूने, पृष्ठभागाखाली सुमारे तीस सेंटिमीटरवरून घ्यावा आणि त्याच क्षणी तेथला पीएच व क्लोरीन मोजून बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहावा. ठेकेदार सोमवारी सकाळी, रात्रभर फिल्टर चालवून आणि भरपूर क्लोरीन टाकून झाल्यावर नमुना घेण्याचा आग्रह धरेल. तुम्ही तो रविवारी संध्याकाळी, शेवटची मुले पाण्यातून बाहेर पडत असताना, कमिटीच्या एका सदस्यासमोर घ्या, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि सोमवारी प्रयोगशाळा उघडताच पोहोचवा.